पंधरावा संदर्भ

पंधरा संदर्भ मिळवणं म्हणजे फार तर एका शनिवारचं काम, असं मी घरात जाहीर केलं, तिथेच माझं चुकलं. जाहीर केलं नसतं, तर बायकोला पुढचा महिनाभर रोज जेवताना "किती झाले?" असं विचारता आलं नसतं.

रुग्णालयात कार्यालय अधीक्षकाची जागा रिकामी झाली होती. ज्येष्ठतेनं ती माझी. केसपेपरच्या तीन नंबरच्या खिडकीवर मी सव्वीस वर्षं बसतोय. माझ्या हातून गेलेल्या केसपेपरांची थप्पी लावली तर ती इमारतीच्या वर जाईल. पण नवा नियम असा निघाला, की अधीक्षक व्हायचं तर कॉलेजचा संध्याकाळचा 'रुग्णालय व्यवस्थापन' हा वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केलेला हवा. नाहीतर जागा जाणार दोन नंबरच्या खिडकीवरच्या कारकुनाकडे, म्हणजे ज्याला स्टेपलर कसा धरायचा हे मी शिकवलं त्याच्याकडे. त्यानं तो अभ्यासक्रम गुपचूप आधीच उरकून ठेवला होता. तेव्हा वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी पाठीला दप्तर लावून कॉलेजात जाऊ लागलो. वर्ष कसंबसं निभावलं. शेवटचा प्रकल्प अहवाल तेवढा उरला.

विषय मीच निवडला: 'बाह्यरुग्ण विभागातील रुग्णांचा प्रतीक्षाकाल : कारणे व उपाय'. या विषयातला माझ्याइतका अनुभवी माणूस शोधूनही सापडला नसता. माणसं किती थांबतात आणि कशी थांबतात, हे मी रोज काचेतून पाहतो. तीन वर्षांपूर्वी तर एक मुलगी हिरवी वही घेऊन सलग दोन महिने माझ्या समोरच्या बाकावर बसून असायची. कुणा तरी आजारी काकासाठी किंवा मामासाठी येत असणार बिचारी. तिची ती निष्ठा पाहून मी घरी बायकोला म्हटलं होतं, "हल्लीच्या पोरींमध्ये अशी माया राहिली नाही गं." एकदोनदा मी तिला खिडकीतून हात करून "बसा, बसा, येईल नंबर" असा धीरही दिला होता.

पण आमच्या मार्गदर्शक मॅडमना अनुभवाचं काही नव्हतं. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, बोलायला गोड आणि ऐकायला बिलकुल तयार नाहीत.

"काका, अनुभव आहे ते छानच. पण संदर्भ हवेत. पंधरा. आणि नेटवरून उचललेलं काहीबाही नको. लायब्ररीच्या डेटाबेसमधून शोधायचे. निम्मे व्यवस्थापनाचे, निम्मे आरोग्यसेवेचे. आणि त्यातला एक तरी आपल्याकडचा, इथल्या एखाद्या रुग्णालयावरचा पाहिजे."

"पंधराचे निम्मे म्हणजे साडेसात," मी म्हणालो.

मॅडमनी माझ्या वहीत 'पंधरा' लिहून खाली रेघ ओढली. मग महिनाअखेरची तारीख सांगितली. पंधरा पुरे नसतील तर परीक्षेचा अर्ज पुढे सरकत नाही, म्हणजे मीही सरकत नाही, हे त्यांनी त्याच गोड आवाजात सांगितलं.

आता लायब्ररी. कॉलेजची लायब्ररी तीन मजली आहे. तळमजल्यावर व्यापार आणि व्यवस्थापन, दुसऱ्या मजल्यावर आरोग्य आणि नर्सिंग, आणि मधल्या मजल्यावर वाचनकक्ष, जिथे पोरं पुस्तकावर गाल ठेवून झोपतात. दोन्ही विभागांना एकेक ग्रंथपाल. मी त्यांना मनातल्या मनात तळमजला आणि दुसरा मजला म्हणत असे, तेच इथेही म्हणतो.

पहिल्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो, तर तळमजल्याच्या टेबलावर पुठ्ठा उभा केलेला होता. त्यावर 'आलोच' असं लिहिलेलं. मी उभा राहिलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली. माझ्यामागे चार मुलं येऊन थांबली आणि मुकाट्यानं फोनमध्ये डोकं घालून बसली. माझा मात्र पारा चढत होता. जनतेच्या कामाची जागा, आणि माणूस पुठ्ठा ठेवून निघून जातो! कुठं गेला, कधी येणार, काही पत्ता नाही! चाळीस मिनिटांनी तळमजला ओठ पुसत आला.

"चाळीस मिनिटं झाली मला," मी म्हणालो.

"मग बसायचं ना," तळमजला म्हणाला, "उभं कुणी राहायला सांगितलं?"

मी त्याला विषय सांगितला. त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर आणला, विषय दोनदा वाचला आणि कागद परत केला.

"हे रुग्णांचं आहे. आरोग्य. दुसरा मजला."

दुसऱ्या मजल्यावर पन्नाशीच्या एक बाई होत्या. खणखणीत आवाज, टेबल आरशासारखं स्वच्छ. त्यांनीही विषय दोनदा वाचला.

"यात औषध कुठाय? आजार कुठाय? हे रांगेचं व्यवस्थापन झालं. तळमजला."

"तळमजल्यानंच वर पाठवलंय."

"त्यांना सांगा, मी खाली पाठवलंय."

मी खाली गेलो. खालून वर आलो. तिसऱ्या फेरीला मधल्या मजल्यावर झोपलेल्या एका मुलानं डोळे उघडून माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. सव्वीस वर्षं मी माणसांना 'पाच नंबरला जा', 'एक्स-रेला विचारा' असं सांगत आलो, पण ते सांगताना मधे जिना असतो, याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. अखेर दोन्ही विभागांचे दोन वेगवेगळे अर्ज, दोन फोटो आणि मार्गदर्शकांची सही असं ठरलं. शिक्का मात्र संध्याकाळच्या अभ्यासक्रमाच्या कार्यालयाचा हवा होता. ते सहाला उघडतं, आणि लायब्ररीचा नोंदणी विभाग साडेपाचला बंद होतो. हा पेच सुटायला माझी आणखी दीड दिवसाची रजा गेली.

दुसऱ्या मजल्यानं कार्डावर फोटो चिकटवताना मान तिरकी केली. "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय मी."

"रुग्णालयात. मी असतो तिथं," मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो.

"हां. तीन नंबर," त्या म्हणाल्या आणि का कोण जाणे, हसल्या. मला बरं वाटलं. माणसाचं नाव होतं ते असं, आपल्या नकळत.

कार्ड मिळालं, पासवर्ड मिळाला, संगणकासमोर बसलो. वर एक लांबट पांढरी चौकट, तिच्यात काय हवं ते लिहायचं. आता आम्हा सरकारी शिस्तीत वाढलेल्या माणसांना काही मागायचं म्हटलं की एकच रीत ठाऊक. मी लिहिलं: 'मा. महोदय, विषय : रुग्णांच्या प्रतीक्षेसंबंधी लेख मिळणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की...' चौकट भरली तरी लिहीत होतो. खाली 'आपला विश्वासू' लिहून कळ दाबली. उत्तर आलं: शून्य.

मला वाटलं, अर्जात त्रुटी असेल. तारीख घालून पुन्हा पाठवला. पुन्हा शून्य. शेवटी दुसरा मजला मागे येऊन उभा राहिला. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, हे मी पडद्यात त्यांचं प्रतिबिंब बघून सांगतो.

"अहो, तिथं कुणी साहेब बसलेला नाही. दोनतीन शब्द टाका फक्त."

मी एकच टाकला, 'प्रतीक्षा' या अर्थाचा. दोन लाख चौदा हजार लेख आले. त्यातला पहिला विमानतळावर सामानाची वाट पाहणाऱ्या प्रवाशांबद्दल होता. मी तो वाचून काढला. चांगला होता.

हळूहळू मात्र जमू लागलं. शब्दाला शब्द जोडायचा, जुनी वर्षं गाळायची, नको तो विषय वजा करायचा. व्यवस्थापनाच्या डेटाबेसमध्ये रुग्णाला 'ग्राहक' म्हणतात आणि आरोग्याच्या डेटाबेसमध्ये रांगेला 'सेवेची उपलब्धता' म्हणतात, हे कळल्यावर तर माझी भीड चेपली. सापडलेला प्रत्येक लेख मी छापून घेई, दोन भोकं पाडी, त्यावर आवक क्रमांक टाकी आणि फायलीत लावी.

"अहो, हे संगणकात साठवता येतं," दुसरा मजला म्हणाला.

"येत असेल. पण मग टाचणी कुठं लावायची?" मी विचारलं. त्यांनी टाचण्यांची डबी माझ्याकडे सरकवली.

घरी बायको विचारी, "किती झाले?" मी म्हणे, "सहा." ती म्हणे, "शनिवार कुठल्या महिन्यातला म्हणाला होतात?"

अशा वेळी आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणारे नाना धावून आले. नाना निवृत्त झाल्यापासून त्यांच्याजवळ सल्ल्यांचा साठा पडून आहे. लायब्ररीचा पासवर्ड फक्त कॉलेजच्या आवारातच चालतो आणि रविवारी लायब्ररी बंद असते, ही माझी अडचण ऐकून ते खुर्चीत पुढे सरकले.

"आवार म्हणजे काय? आवार म्हणजे भिंत नव्हे. आवार म्हणजे जिथवर त्यांचं नेट पोहोचतं ते. चल!"

रविवारी सकाळी आम्ही दोघं पुतण्याचा लॅपटॉप घेऊन कॉलेजच्या स्कूटर स्टँडवर हिंडत होतो. नाना लॅपटॉप पूजेच्या ताटासारखा दोन्ही हातांनी धरून पुढं, आणि मी फाईल घेऊन मागं. शेवटच्या रांगेत दोन स्कूटरांच्या मधे उकिडवं बसलं की नेट येत होतं. तिथं आम्ही तीन लेख मिळवले. चौथा उतरत असताना वॉचमन आला. रविवारी सकाळी दोन म्हातारे स्कूटरांच्या मधे दडून बसलेले पाहून त्यानं काय तर्क केला असेल तो केला.

"काय चाललंय?"

"मी इथला विद्यार्थी आहे," मी उठायचा प्रयत्न करत म्हणालो. गुडघे आखडले होते. त्यानं माझ्या टकलाकडे पाहिलं, मग नानांकडे वळला.

"आणि तुम्ही?"

"मी याचा पालक," नाना ताडकन म्हणाले.

सोमवारी या प्रकाराची नोंद प्राचार्यांच्या कार्यालयात झाली आणि मला तोंडी समज मिळाली. माझी आयुष्यातली ही पहिलीच समज. शाळेतसुद्धा मी कधी बाकावर उभा राहिलो नव्हतो. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण हसत मात्र होती.

तर असे करत करत चौदा झाले. सात व्यवस्थापनाचे, सात आरोग्याचे. फाईल चार बोटं जाड. राहिला होता तो एकच, आपल्याकडचा, इथल्या रुग्णालयावरचा. तारखेला सहा दिवस उरले होते. मी डेटाबेस पालथे घातले. परक्या गावांतल्या रांगांबद्दल जगभर संशोधन झालं होतं. आमच्या रांगेकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं दिसत नव्हतं. याचं मला थोडं वाईटही वाटलं.

शेवटी दुसऱ्या मजल्याला शरण गेलो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"एक प्रबंध आहे. आपल्याच कॉलेजच्या विद्यार्थिनीचा. कुलपातल्या कपाटात असतो, इथंच बसून वाचावा लागेल. पण..."

"पण काय?"

"काही नाही. वाचा तुम्ही. चांगला आहे."

प्रबंध दुसऱ्या मजल्यावर आणि त्याची नोंद तळमजल्याच्या वहीत, त्यामुळे आणखी चार जिने झाले. मग कपाट उघडलं. प्रबंध पुठ्ठाबांधणीचा, जाडजूड होता. शीर्षक होतं: 'एका सार्वजनिक रुग्णालयातील खिडकी क्रमांक तीन : प्रतीक्षाकालाचा अभ्यास'. प्रस्तावनेत संशोधिकेनं लिहिलं होतं, की तिनं दोन महिने खिडकीसमोरच्या बाकावर बसून हिरव्या वहीत नोंदी केल्या.

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मजकूर तोच होता.

माझं नाव कुठंच नव्हतं. 'कर्मचारी क' म्हटलं होतं. रुग्णाला केसपेपर मिळायला लागणारा सरासरी वेळ सत्तेचाळीस मिनिटं. त्यांपैकी खिडकी प्रत्यक्षात रिकामी असण्याचा वेळ एकोणीस. खाली कोष्टक होतं. कर्मचारी खिडकीवर नसण्याची कारणं: चहा, दोन नंबरच्या खिडकीशी चर्चा, पेनची रिफिल संपणं. आणि सगळ्यात वर: 'आलोच असे सांगून जाणे (सरासरी अकरा मिनिटे)'. तळटीपेत होतं, की कर्मचारी क अधूनमधून खिडकीतून हात हलवून रुग्णांना बसण्यास सांगतो, त्याचा रांगेच्या गतीवर परिणाम आढळला नाही.

माझे कान तापले. दोन महिने मी जिला धीर देत होतो, ती माझीच मिनिटं मोजत होती! पण पान उलटलं तर पुढं असं होतं: 'कर्मचारी क स्वभावाने वाईट नाही. एका वृद्ध बाईंना लिहितावाचता येत नव्हते, तेव्हा तो बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसला, अर्ज भरून दिला आणि त्यांना हाताला धरून डॉक्टरांच्या दारापर्यंत सोडून आला. त्या वेळात रांग थांबली होती : चौदा मिनिटे.'

ते वाचून मला जास्त लागलं. चुकीचं लिहिलं असतं तर भांडता आलं असतं.

प्रबंध परत करताना दुसरा मजला हळूच म्हणाला, "मीही थांबले होते हो एकदा तिथं. आईला घेऊन. तुम्ही बसा बसा म्हणालात."

"किती वेळ?" मी विचारलं.

"ते नका विचारू."

घरी बैठक बसली. नानांचं मत स्पष्ट होतं. "नाव टाक, आत काय आहे ते लिहू नकोस. कोण वाचतंय?" पण परीक्षक बाहेरचे, आणि अहवालाची एक प्रत रुग्णालयाच्या मुख्य अधिकाऱ्यांकडे जाणार होती. तीन नंबरवर कोण बसतं हे त्यांना सांगावं लागत नाही. संदर्भ टाकला तर मीच माझ्या हातानं माझी फाईल खराब करणार. नाही टाकला तर चौदाच उरणार, आणि अधीक्षकाच्या खुर्चीत स्टेपलरवाला बसणार.

बायकोनं भाजी निवडता निवडता वर पाहिलं. "ते लिहिलंय ते खरं आहे का?" तिनं विचारलं.

"तीन वर्षांपूर्वीचे आकडे आहेत."

"मग आता किती आहेत?"

मी शर्टाचं बटण लावत उघडत बसलो. दुसऱ्या दिवशी उरलेल्या रजेतला शेवटचा दिवस टाकला आणि टोपी घालून त्या बाकावर जाऊन बसलो. माझ्या जागी त्या दिवशी दोन नंबरवाला होता. बाक टणक असतो. खिडकीवर माझ्याच अक्षरात पाटी आहे: 'कृपया काचेवर टकटक करू नये'. आतून मला सगळ्यांचे चेहरे दिसतात. बाहेरून, त्या बाकावरून, फक्त एक हात दिसतो. तो हात आत गेला की माणूस चहाला गेला, की कागद शोधतोय, की कायमचाच गेला, काही समजत नाही. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ दर पाच मिनिटांनी उठून खिडकीपर्यंत जात, पाटी वाचत आणि परत येऊन बसत. टकटक मात्र त्यांनी केली नाही. मला त्यांची लाज वाटली, म्हणजे माझी वाटली. मी बायकोचं घड्याळ हातात धरून दिवसभर मोजत राहिलो. सरासरी बावन्न आली.

त्या संध्याकाळी मी पंधरावा संदर्भ लिहिला. आतल्या मजकुरासकट, कोष्टकासकट, माझ्या बावन्न मिनिटांसकट. तारखेच्या एक दिवस आधी अहवाल दिला. मॅडमनी संदर्भ मोजले आणि म्हणाल्या, "काका, पंधरा!" मला वाटतं, त्यांनाही खात्री नव्हती.

निकाल आत्ताच सांगून टाकतो, उगाच कुणाला ताटकळत ठेवायला नको. पास झालो. मुख्य अधिकाऱ्यांनी अहवाल वाचून मला बोलावलं आणि अधीक्षकाच्या नेमणुकीच्या पत्राबरोबर तीन नंबरची खिडकी तीन महिन्यांत सुधारून दाखवण्याचा लेखी आदेशही हातात ठेवला. ती टकटकीची पाटी मी त्याच दुपारी काढली.

पण खरं संकट होतं ते तोंडी परीक्षेत. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, जाड भुवयांचे. त्यांनी अहवाल उलटसुलट केला आणि पंधराव्या संदर्भावर बोट ठेवलं.

"हा अभ्यास फार एकतर्फी वाटतो. या कर्मचारी क ची बाजू कुणी ऐकलेली दिसत नाही. तुम्ही भेटलात त्याला?"

मार्गदर्शक मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"हो सर. रोज भेटतो. आरशात."

परीक्षकांच्या भुवया वर गेल्या आणि बराच वेळ तिथंच राहिल्या. मग त्यांनी पेन उचललं.

"मग त्याचं म्हणणं काय आहे?"

"त्याचं म्हणणं असं, सर, की सगळे आकडे बरोबर आहेत," मी म्हणालो. "फक्त रिफिल आणायला तो स्वतःच्या पैशानं जायचा. तेवढी नोंद घ्यावी, ही नम्र विनंती."